बिनगिलाव्याची भिंत

श्रीमंती दाखवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, लपवणारीही पाहिली. पण सकाळी नऊला ती लपवून साडेअकराला दाखवणारा आणि जेवण झाल्यावर पुन्हा लपवणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच निपजला आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आमच्या थोरल्या साडूंची मखमलाबादच्या पुढे रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर, झेंडू, जे मागाल त्याचं रोप ते ट्रेमध्ये तयार करून देतात. धंदा वरवर साधा दिसतो, पण सगळा विश्वासावर चालतो. कापड घेताना चुरगाळून बघता येतं, आंब्याचा वास घेता येतो. टोमॅटोचं रोप मात्र वीतभर असताना कुठल्याही जातीचं असो, सारखंच दिसतं. ते कसलं निघालं हे कळतं अडीच महिन्यांनी, खत, औषध आणि घरातल्या सगळ्यांचे कष्ट ओतून झाल्यावर. म्हणजे रोप बघून रोप घ्यायची सोयच नाही. "मग गिऱ्हाईक काय बघतं?" असं साडू स्वतःच विचारत आणि उत्तरही स्वतःच देत, "ते मला बघतं, पाव्हणं. मी कसा दिसतो, त्याच्यावर माझं रोप कसं हाय ते ठरतं."

एवढं एकदा मनाशी ठरवल्यावर त्यांनी आपल्या दिसण्याचा जो काही बंदोबस्त केला, त्याला तोड नाही. त्यांच्या मते गिऱ्हाइकं तीन प्रकारची. सटाणा-देवळ्याकडची मंडळी पांढऱ्या गाडीतून येत आणि ट्रेकडे बघण्याआधी शेडमध्ये उभी असलेली गाडी बघत. ज्याची रोपं चालतात तो फाटका कसा राहील, असा त्यांचा सरळ हिशोब. एकाने तर उतरल्या उतरल्या "शेठ, तुमनी गाडी कोणती शे?" असं विचारून, उत्तर पसंत पडल्यावरच मिरचीचा विषय काढला होता. दुसरी मंडळी आसपासची, भाजीपाला नि फुलं पिकवणारी, म्हणजे साडूंच्या रोजच्या उठण्याबसण्यातली. त्यांना साडूंच्या अंगावर नवी वस्तू दिसली की ती आपल्याच खिशातून गेली असं वाटे. एकदा साडूंनी नवी चप्पल घातली त्याच आठवड्यात ट्रेचा भाव वाढला, आणि पुढं वर्षभर त्या चपलेची चर्चा चालली. तिसरी मंडळी पेठ-हरसूलकडची, डोंगरातली. ती पिकअपमधून दाटीवाटीनं येत आणि फाटकातून आत चकचकीत गाडी दिसली, तर खाली न उतरताच परत फिरत. हे आपल्यासाठी नाही, इथं आपल्याला कोणी विचारणार नाही, असं त्यांना बाहेरूनच वाटे.

म्हणून शेडमध्ये एक लाकडी कपाट होतं. त्याच्या वरच्या खणात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अंगठ्या आणि चांगली करंगळीएवढी जाड सोन्याची साखळी. खालच्या खणात खिसा उसवलेला, काखेत फाटलेला सदरा आणि दोरीनं बांधलेली चप्पल. जाळीघराच्या मागे मोठी गाडी ताडपत्रीखाली आणि फाटकापाशी जुनाट मोपेड, जिची सीट इतकी फाटली होती की कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला होता. फाटकावर एक म्हातारे वॉचमन बसत. त्यांच्या हाती सायकलची घंटी दिलेली. एक वाजली की आसपासचं कोणी, दोन वाजल्या की डोंगरातलं, तीन वाजल्या की सटाण्याचं, बागलाणकडचं. घंटी ऐकून साडू ज्या चपळाईनं कपाटाआड जाऊन बदलून येत, तशी चपळाई नाटकातल्या नटालाही जमायची नाही. एकदा त्र्यंबकेश्वरहून एक गुरुजी आले. झेंडूची रोपं हवी होती त्यांना. आता गुरुजींना किती घंटा द्यायच्या हे ठरलेलं नसल्यामुळे वॉचमनबाबा घाबरले आणि घंटी वाजवतच राहिले. साडू बाहेर आले ते फाटक्या सदऱ्यावर सोन्याची साखळी घालून. गुरुजींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि घरात काही अडचण आहे का, ग्रहांची शांत करून घ्यायची का, असं आपुलकीनं विचारलं.

रोपवाटिकेला लागूनच असलेल्या घराचीही तीच तऱ्हा. रस्त्याकडची भिंत अकरा वर्षं बिनगिलाव्याची. विटा उघड्या, दाराला पत्रा, वरती गजांची टोकं बाहेर आलेली; जाणाऱ्यायेणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याचं काम पैशाअभावी अडलंय. आणि आत? आत पाय घसरेल असा संगमरवर, छताला काचेचं झुंबर, आणि सागवानी नक्षीचा भलामोठा दरवाजा. पण तो मागच्या बाजूला, पेरूच्या झाडांकडे तोंड करून. दिवाळीला आम्ही पाहुणे नटूनथटून जायचो ते गोठ्याला वळसा घालून, शेणातून वाट काढत. माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिनं या भिंतीपायी किती जीव जाळला असेल याला गणती नाही. अख्ख्या गल्लीनं बघावं म्हणून हौसेनं निवडलेला दरवाजा पेरूची झाडं बघत होती. ती भांडायची, रुसायची, एकदा तर सिमेंटची दोन पोती स्वतः मागवून बसली. साडूंनी ती शेजाऱ्याला देऊन टाकली. त्यांचं म्हणणं असं, की विटा दिसल्या म्हणजे बघणाऱ्याला वाटतं याचं अजून व्हायचंय, आणि ज्याचं व्हायचंय त्याच्याकडं माणूस बिनघोर जातो.

मी या साऱ्याची टिंगल करतोय खरी, पण त्या कपाटाचा सगळ्यात मोठा लाभार्थी मीच आहे, हे लपवून ठेवलं तर तोंडात किडे पडतील. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला होतो तो बंद झाला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. दोन मुलं शाळेत. उरल्यासुरल्या पुंजीवर पंचवटीत चष्म्याचं दुकान टाकलं, आणि पहिले पंधरा दिवस त्यात माझ्याखेरीज कोणी चष्मा घालून बसलेलं दिसलं नाही. मी बायकोजवळ बोललो नाही, पण दुपारी दुकानात एकटा बसलो की पुसलेल्या फ्रेमाच पुन्हा पुसत राहायचो. सोळाव्या दिवशी सकाळी दारात ताडपत्रीखालची ती मोठी गाडी उभी राहिली. साडू उतरले ते वरच्या खणातलं सगळं अंगावर घालून. आत येऊन आरशासमोर बसले आणि एकामागून एक फ्रेम चढवत रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुंबईला पण असला माल नाय बघितला." माझा माल कुठून आला हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

असे ते नऊ दिवस आले. हंगामाचे दिवस, रोपवाटिकेत ट्रे भरायला माणसं कमी पडत होती, तरी रोज दोन तास माझ्या दुकानात बसले. एवढा सोन्यानं मढलेला माणूस इथं चष्मा करतो म्हटल्यावर लोक थबकू लागले, आत डोकावू लागले. मग दहाव्या दिवशी ते मोपेडवर आले, फाटक्या सदऱ्यात. मी चकित झालो, तर कानाशी येऊन म्हणाले, की आता लोकांना दुकान महाग वाटायला लागलंय, ते निस्तरायला पाहिजे. तेवढ्यात आदल्या दिवशीचं एक गिऱ्हाईक आलं आणि कालचे शेठ दिसत नाहीत म्हणून चौकशी करू लागलं. साडूंनी मान वर न करता सांगितलं, "ते माझे थोरले बंधू. आमचं बोलणं नाय." त्या गिऱ्हाइकानं दोन्ही भावांना चालणारं दुकान म्हणून घरातल्या तिघांचे चष्मे माझ्याकडे केले. माझं दुकान आज चालतंय, दोन्ही मुलं शिकून मार्गी लागली, ती त्या दहा दिवसांच्या पुण्याईवर. मी कधी आभाराचं काढलं की साडू लगेच चष्म्याची काडी सैल झाल्याची तक्रार सुरू करतात. म्हणून मला जे त्यांच्यासमोर बोलता येत नाही ते इथं लिहितोय.

पण ज्या दिवसासाठी मी हे लिहायला घेतलं, तो वेगळाच आहे. साडूंकडे शहरातल्या हॉटेलांना लागणाऱ्या बोराएवढ्या टोमॅटोचीही रोपं असत. डोंगरातली माणसं आली की हा महागडा प्रकार त्यांच्या नजरेला पडू नये, ते बुजू नयेत, म्हणून साडू त्या ट्रेमधल्या नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या उपसून विजारीच्या खिशात टाकत आणि माणसं गेली की परत खोचत. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एकाच सकाळी दोन घंटा आणि लगेच तीन घंटा वाजल्या. साडूंनी पट्ट्या उपसल्या, सदरा काढला, शर्ट चढवला, आणि या धांदलीत पट्ट्या खोचल्या त्या चुकीच्या ट्रेमध्ये. दोनच दिवसांनी पेठकडच्या बावीस घरांची रोपं पिकअपमधून गेली. डोंगरावर ती जोमानं वाढली, फुलली, आणि फळ धरलं ते बोराएवढं. बाजारात ते कोणी हातात धरेना. इकडं हॉटेलांना माल पुरवणाऱ्या शेतकऱ्याकडे चांगले मुठीएवढे टोमॅटो लागले, आणि त्यानं फोनवर साडूंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

डोंगरातली माणसं हे सांगायला आली त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून जेवायला म्हणून तिथं गेलो होतो. घंटी दोनदा वाजली, साडू सवयीनं फाटका सदरा घालून बाहेर आले, आणि पिकअपमधून वीसबावीस माणसं उतरली. कोणी आरडाओरडा केला नाही. एका म्हातारीनं पाटी पुढं ठेवली. लालबुंद, गोटीएवढे टोमॅटो. साडूंनी एक उचलला, बोटांत फिरवून बघितला. चूक कशी झाली हे त्यांना त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. मग त्यांनी एकदाही सारवासारव न करता सांगितलं, की चूक माझी आहे, सगळ्यांना नवी रोपं फुकट देतो, ती तयार व्हायला महिना लागेल, तोवरच्या दिवसांची मजुरी देतो, आणि खताचं मीच बघतो.

खरी अडचण त्या महिन्याची होती. द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या होत्या, मजूर न्यायला मुकादम त्यांच्या गावात येऊन बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही सगळी घरं दिंडोरीकडच्या बागांवर जाणार होती. थांबावं तर ते काम हातचं जाणार. जावं तर ओढ्याचं पाणी आटायच्या आत दुसरं पीक घ्यायची एवढी एकच संधी जाणार. म्हणजे साडूंच्या तोंडच्या शब्दावर बावीस घरांनी आपला हंगाम लावायचा होता. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यांनी मोपेडकडे बघितलं, दोरी बांधलेल्या चपलेकडे बघितलं, त्या उघड्या विटांकडे बघितलं. म्हातारी अगदी मायेनं म्हणाली, "शेट, तू देशील म्हणतोस, पन कुठून देशील? तुझाच सदरा फाटेल हाय."

ज्या सदऱ्यानं ही माणसं त्यांच्याकडे आली होती, तोच सदरा आता त्यांच्या शब्दाला खोटं पाडत होता. ते शेडच्या दिशेनं दोन पावलं गेले. मला वाटलं, आता कपाट उघडून साखळी घालून येतात. पण ते थांबले, कानाची पाळी खाजवली आणि ओट्यावर उभ्या असलेल्या आक्काला म्हणाले, "मागचं दार उघड. सगळ्यांना आत घे." आक्का आत गेली. जाताना पदरानं डोळे पुसत होती, ते दारासाठी की नवऱ्यासाठी, हे मी आजवर विचारलेलं नाही.

गोठ्याला वळसा घालून सगळे आत आले. वहाणा बाहेर काढल्या आणि त्या गार संगमरवरावर चिखलाच्या पायांनी उभे राहिले. कोचावर कोणी बसेना. म्हातारी तेवढी जमिनीवर टेकली, फरशीवरून तळवा फिरवून पाहिला, मान वर करून झुंबर बघितलं, नक्षीचा दरवाजा बघितला. साडू हात जोडून उभे होते. त्यांना जन्मभर ज्या क्षणाची धास्ती वाटत आली होती तो हाच. मलाही वाटलं, आता कोणीतरी म्हणणार, हे सगळं आमच्या जिवावर. पण म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आपल्या माणसांकडे वळून म्हणाली, "येवढा घर टाकून हा कुठं पळतो? थांबा. आपन रोपं घेऊनच लावू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी पाणी मागितलं, आक्का तांब्या घेऊन धावली, आणि घरात एकदम बोलणं सुरू झालं.

फक्त दाराशी उभा असलेला एकजण आत आला नव्हता. पस्तिशीतला, काटक, खांद्यावर टॉवेल. त्यानं पाणीही घेतलं नाही. गलका जरा कमी झाल्यावर तो साडूंना म्हणाला, "इतका होता, तं आमच्यापुढं फाटका कशाला घालत होतास?" आवाजात राग नव्हता. खरोखरच त्याला ते कळत नव्हतं. उत्तर येत नाही असं बघून तो पिकअपमध्ये जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन छाटणीला गेला.

एकवीस घरं थांबली. साडूंनी शब्द पाळला, रोपं स्वतः डोंगरावर पोचवली, दर आठवड्याला जाऊन बघून आले, आणि पाणी आटायच्या आत मुठीएवढी फळं बाजारात गेली. पुढच्या हंगामात दोन घंटा वाजल्या तेव्हा पिकअप गच्च भरलेला होता. म्हातारीनं साडूंसाठी नागलीचे पापड आणले होते. त्या वर्षी समोरच्या भिंतीला गिलावा झाला, पत्रा जाऊन दार आलं, आणि कपाटात आता बी-बियाणं असतं. साडू एकच साधा शर्ट दिवसभर घालतात. आसपासच्यांनी महिनाभर त्या नव्या भिंतीच्या रंगाची चर्चा केली आणि मग त्यांनाही कंटाळा आला. बागलाणकडची मंडळी अजून गाडी विचारतात. खरं सांगायचं तर मला त्यांच्या त्या जुन्या सोंगांची अधूनमधून आठवण येते, कारण त्याच सोंगांवर माझं घर तरलं. दाराशी उभ्या राहिलेल्या त्या माणसाचा प्रश्न तसा मलाही लागू होता. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणी तो मला विचारला नाही, एवढंच.

साडूंना त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं. ते त्यांनी म्हातारीकडून विचारून घेतलं. तेव्हापासून दरवर्षी बावीस घरांची रोपं टाकली जातात. शेवटच्या दोन ट्रेमध्ये पट्टी असते, तिच्यावर साडूंच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं असतं, सोमा. मी एकदा म्हणालो, त्याच्या गावी जाऊन या ना. तर म्हणाले, "गेलो होतो की. दोनदा. चांगला बोलला, चहा पाजला. रोपं आता दुसरीकडून घेतो म्हणाला." आणि मग ट्रेवर पाणी मारत राहिले. रोप जास्त दिवस ट्रेमध्ये ठेवता येत नाही, ते लांबतं, पिवळं पडतं. इतर कोणी मागितली तर त्या दोन ट्रेमधली रोपं साडू देत नाहीत. पिकअप येऊन गेला की चारआठ दिवस आणखी वाट बघतात आणि मग स्वतःच बांधाला लावून टाकतात. यंदाचा पिकअप परवा येऊन गेला. काल मी गेलो तेव्हा ते दोन ट्रे तिथंच होते, आणि साडू फाटकाकडे तोंड करून बसले होते.